मारलं नाही, सोडून आलो

मांजरीची पिल्ले नकोशी झाली की आपल्या गावांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘मारलं नाही हो, सोडून आलो.’ म्हणणाऱ्याच्या आवाजात सुटका असते आणि थोडासा अभिमानही असतो. गोणपाटाची पिशवी, तिच्यात चार-पाच पिल्ले, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवलेली ती पिशवी, आणि मग मासळी बाजाराची मागची बाजू, खाडीचा बांध नाहीतर दफनभूमीची भिंत. जागा निवडतानाही विचार केलेला असतो. बाजारात माशांची डोकी मिळतील, दफनभूमीजवळ रहदारी नाही, चर्चच्या आवारात कोणीतरी कनवाळू माणूस भेटेलच. म्हणजे सोडून येणारा माणूस दुष्ट नसतो. मिस्साला येणारा, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावणारा, असा तो आपल्यातलाच एक असतो. म्हणूनच त्याच्या ह्या वाक्याचा शांतपणे विचार करावा असे आम्हांला वाटते.

आम्ही म्हणजे वसईच्या एका धर्मग्रामातले काही जण. रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणे, त्यांच्या नसबंदीची व्यवस्था करणे आणि आईवेगळी पिल्ले सापडली तर ती दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत घरी वाढवून चांगल्या माणसांकडे देणे, एवढेच आमचे काम. आम्हांला कोणी संस्था वगैरे म्हणू नये. एक रिक्षावाला, दोन गृहिणी, कॉलेजात जाणारी एक मुलगी, एक निवृत्त शिक्षक आणि मासळी विकणारी एक मावशी, जिच्या हाताला गावातले प्रत्येक मांजर येते.

‘सोडणे’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. मुलाला आपण शाळेत सोडतो, पाहुण्यांना स्टेशनवर सोडतो. पुढे कोणीतरी सांभाळून घेणार हे त्यात गृहीत असते. पिल्लाच्या बाबतीत पुढे कोण असते? मांजरीचे पिल्लू जन्मतः जेमतेम शंभर ग्रॅमचे असते. त्याचे डोळे उघडायला सात ते चौदा दिवस लागतात. सुरुवातीचे काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, आणि पहिले साधारण तीन आठवडे तर आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा करता येत नाही. असे पिल्लू बाजारात ठेवले तर माशांच्या डोक्यांच्या ढिगाशेजारी ते उपाशी राहील, कारण त्याला अजून दातच आलेले नाहीत. बहुधा भुकेच्या आधीच ते गारठ्याने मरते. खायला शिकलेल्या, दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला थोडी आशा असते. पण त्या जागेवर आधीपासून बोके आहेत, कुत्री आहेत, पहाटे मागे घेतले जाणारे टेम्पो आहेत.

कायद्याने ह्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा सांगतो की, भुकेने किंवा तहानेने यातना होतील अशा परिस्थितीत प्राण्याला योग्य कारणाशिवाय टाकून देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला लिहिलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपयांचा. त्यामुळे कायद्याचा धाक आम्ही कोणाला घालत नाही. पन्नास रुपयांत कोणाचा विवेक जागा व्हायचा?

आपल्या जुन्या वाड्यांतून पूर्वी पिल्ले पाण्यात बुडवीत. घरातली वडीलधारी माणसे आजही ते दबक्या आवाजात सांगतात. पुढे लोकांना ते बघवेना आणि ती रीत मागे पडली, हे चांगलेच झाले. ती परत यावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. तरीही दोन्हींची तुलना केली की मन अस्वस्थ होते. बुडवणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. त्याचे हात ओले होत असत. सोडून येणारा घरी परततो तेव्हा पिल्ले जिवंत असतात, आणि त्याच्या मनात ती कायम जिवंतच राहतात. मरण त्याच्या पाठीमागे घडते. मेलेल्या पिल्लाच्या दृष्टीने फरक काय, तर बादलीत काही क्षणांत संपले असते ते भिंतीपाशी रात्रभर चालते. फरक पडतो तो माणसाला.

अजाणतेपणी केलेल्या कृत्याचा दोष कमी होतो, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण त्याच शिकवणीत पुढे असेही आहे की, खरे काय ते जाणून घेण्याची तसदीच माणसाने घेतली नसेल, तर त्या अज्ञानाला तोच जबाबदार राहतो. पिलाताने हात धुतले तेव्हा त्याला पुढे काय होणार हे माहीत नव्हते असे नाही. त्याने फक्त ते दुसऱ्या कोणाच्या हाती दिले. पिल्लांची गोष्ट इतकी मोठी नाही, दोन्ही एका पारड्यात घालण्याचा आमचा विचार नाही. मनाची युक्ती मात्र तीच असते. आपण फक्त जागा बदलली, बाकीचे देवाने केले, किंवा कुत्र्यांनी, किंवा पावसाने.

‘देव बघून घेईल’ हे तर आम्हांला पुष्कळदा ऐकवले जाते, आणि आधाराला चिमण्यांचा दाखला दिला जातो. तो दाखला नीट वाचण्यासारखा आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या विकल्या जातात. लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. हिशेब केला तर चारच व्हायला हव्यात. पाचवी चिमणी वरकड आहे, कोथिंबिरीच्या जुडीसारखी फुकट टाकलेली. आणि प्रभू येशू म्हणतात की देवाला तिचाही विसर पडत नाही. बाजाराने जिची किंमत शून्य केली तिच्यावरही पित्याची नजर आहे. पण हे शब्द घाबरलेल्या शिष्यांना धीर देण्यासाठी होते. चिमण्या विकणाऱ्याला त्यांतून मोकळीक मिळत नाही. देव विसरत नाही ह्याचा अर्थ आपण विसरायला मोकळे झालो, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने निघतो ते आम्हांला अजून कळलेले नाही.

(पाळीव मांजर बायबलमध्ये जवळजवळ नाहीच. बारूखच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात बाबेलमधल्या पुतळ्यांच्या अंगावर पाखरे आणि मांजरे येऊन बसतात, तेवढाच काय तो उल्लेख. मांजरांची संत म्हणून हल्ली निव्हेलच्या संत गर्ट्रूडचे नाव घेतले जाते, पण तेही अगदी अलीकडचे. जुन्या काळी लोक उंदरांचा उपद्रव टळावा म्हणून तिचा धावा करीत.)

आता खरा आक्षेप. तो आमच्या तोंडावर घेतला गेला आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ‘इथून चार तासांवर जव्हार-मोखाड्यात मुलं कुपोषित आहेत आणि तुम्ही मांजराला बाटलीनं दूध पाजता?’ १९९०च्या दशकात वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. आज तो भाग आपल्याच पालघर जिल्ह्यात येतो. हा प्रश्न हलका नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये परिच्छेद २४१६ ते २४१८ प्राण्यांविषयी आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, माणसाने त्यांच्याशी ममतेने वागले पाहिजे. अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि लगेच त्याच्या जोडीला, माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, माणसालाच देण्याची माया प्राण्यावर वळवू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात प्राण्यांशी क्रूरपणे वागणारे मन माणसांशीही तसेच वागू लागते असा इशारा दिला. त्याच पोप महोदयांनी जानेवारी २०२२ मध्ये, मूल नको पण कुत्री-मांजरे हवीत अशा जोडप्यांना चांगले खडसावले होते. आमच्यातल्या काहींना ते शब्द लागले. तरी ते खोटे होते असे कोणी म्हटले नाही.

तेव्हा एका बाजूला मुलाचे औषध आणि दुसऱ्या बाजूला मांजराचे, अशी वेळ आली तर मुलाचे औषध. ह्यात आम्हांला शंका नाही आणि मांजरांची माणसे म्हणून आमची कोणी कीव करावी असेही नाही. पण अशा चौकात आपण आयुष्यात किती वेळा उभे राहतो? मोखाड्याचा प्रश्न पिल्लांच्या पिशवीसमोर विचारला जातो. लग्नाच्या हॉलमध्ये उरलेल्या बिर्याणीच्या पातेल्यासमोर, सणाच्या आतषबाजीसमोर तो विचारलेला आम्ही फार ऐकला नाही. जो माणूस दोन्हीकडे विचारतो त्याच्यापुढे आम्ही मान खाली घालू. बाकीच्यांना सांगायचे ते एवढेच की, पिशवी स्कूटरवर ठेवण्याने मोखाड्यातल्या कोणा मुलाच्या ताटात घास पडलेला नाही.

लिमा शहरातले संत मार्टिन डी पोरेस (१५७९ ते १६३९) ह्यांचा सण आपण ३ नोव्हेंबरला पाळतो. डोमिनिकन मठातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा आणि दारावर आलेल्या गरिबांना अन्न हे त्यांचे रोजचे काम. त्यांच्या चरित्रांत सांगतात की, रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांसाठी त्यांनी बहिणीच्या घरी आसरा केला होता. मठात नव्हे, बहिणीच्या घरी. आम्हांला ही बारीकशी गोष्ट महत्त्वाची वाटते. मठाचे अन्न गरिबांचे होते, त्यावर त्यांनी हात मारला नाही. मांजरांसाठी वेगळी सोय पाहिली. आणि बहिणीला काय वाटले असेल, हा प्रश्नही घरी पिल्ले घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा. सासूबाईंना दमा असेल तर त्या घरात पिल्लू जाणार नाही, हा आमचा नियम आहे.

दयेलाही माहिती लागते, हे ह्या कामात पहिल्याच आठवड्यात कळते. पाऊस पडतो आहे, जिन्याखाली तीन पिल्ले ओरडत आहेत, आणि एखादी हळवी मुलगी ती ओढणीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन येते. तिची आई मात्र, म्हणजे भाटी, बहुधा तिथेच कुठे तरी आहे. ती पोटासाठी बाजारात गेली आहे, किंवा जागा बदलते आहे. मांजर पिल्ले एकेक करून तोंडात धरून हलवते, म्हणून शेवटची दोन काही वेळ एकटी दिसतात. अशा वेळी उचलणे म्हणजे आईच्या तोंडचे हिरावून घेणे. लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. पिल्ले धोक्याच्या जागी नसतील, पोटे भरलेली असतील आणि ती गप्प झोपली असतील, तर त्यांची सगळी व्यवस्था झालेली आहे. आईपेक्षा चांगली दाई आमच्याकडे नाही.

आई खरोखरच गेली असेल तर मग काम सुरू होते, आणि ते गोड वगैरे नसते. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते त्याला पचत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवायची, अंग उबदार झाले की मगच पाजायचे. गाईम्हशीचे दूध नको, त्याने जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचे जुलाबही पुरतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या दवाखान्याजवळ मिळते. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजू नये, पालथेच ठेवावे, नाहीतर दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झाले की ओल्या कापसाने पुसून लघवी करवायची. रोज वजन करायचे, दहा-पंधरा ग्रॅम वाढले तर ठीक. एवढे सगळे करूनही काही पिल्ले मरतात. आमच्या कॉलेजकन्येने पहिल्या खेपेला चारांतली तीन गमावली. रात्री तीनला उठणारी ती एकटीच होती, आणि परीक्षा तोंडावर होती. तिच्या आजीने तेव्हा म्हटले, ‘कापसाने पुसताना तरी तुला त्याचं नाव ठाऊक होतं.’

आठ आठवडे झाले की पिल्लू द्यायचे. हे पाजण्यापेक्षा अवघड जाते. ठेवून घ्यावेसे वाटते, आणि इथेच चांगली माणसे फसतात. दोन खोल्यांत वीस मांजरे साठली की ना त्यांची नीट देखभाल, ना घरच्यांना शांतता, ना शेजाऱ्यांशी धड बोलणे. पाचव्या चिमणीचा विसर न पडणे हे देवाला जमते, कारण तो देव आहे. आम्हांला दोन हात आणि एक पोटमाळा आहे. म्हणून ‘आता जागा नाही’ असे म्हणायला आम्ही शिकलो. ते म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत जे दिसते ते सहन करावे लागते. पण ज्या क्षणी आम्ही सगळ्यांना वाचवायला निघू त्या क्षणी आम्ही कोणालाच वाचवणार नाही. जागा नसेल तेव्हाही माहिती देता येते, पावडर देता येते, रात्रीचा फोन उचलता येतो.

आणि खरे पाहता पिल्ले वाढवणे हे ह्या कामाचे शेपूट आहे, तोंड दुसरीकडे आहे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, आणि दोन महिन्यांहून थोड्या अधिक काळात विते. मे महिन्यात जन्मलेले पिल्लू नाताळच्या सुमारास आई होते. अंगावर पिणारी पिल्ले असतानाही ती पुन्हा गाभण राहते. पूर्वी घरोघरी भाताच्या कणग्या होत्या, उंदीर होते, मांजराला काम होते. वाड्या गेल्या, इमारती आल्या, मांजराचे काम गेले आणि मांजर राहिले. त्याला माशाचे डोके टाकणारे दहा जण आहेत, मालक एकही नाही. सगळ्यांचे ते कोणाचेच नाही.

नसबंदी म्हटले की काही वडीलधारे नाराज होतात. ‘देवाच्या कामात हात का घालता?’ विवाहित स्त्री-पुरुषांविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते ते माणसाच्या प्रेमाविषयी आणि त्याच्या विवेकाविषयी आहे, मांजराला ते लागू होत नाही. आपल्या बापजाद्यांनी बैल खच्ची केले, तेव्हा कोणी पापनिवेदनाला गेले नव्हते. रोमचेच उदाहरण घ्या. ज्या जागी ज्युलियस सीझरचा खून झाला त्या तोर्रे अर्जेंतिनाच्या भग्नावशेषांत आज मांजरे राहतात आणि स्वयंसेवक त्यांची देखभाल करतात. इटलीने १९९१ साली २८१ क्रमांकाचा कायदा करून रस्त्यावर मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना त्रास देण्यास मनाई केली, आणि सरकारी पशुवैद्यकांनी त्यांची नसबंदी करून त्यांना पुन्हा त्यांच्या जागी सोडावे असे ठरवले. इथेही ‘सोडणे’ आहे. पण हे सोडणे ओळखीच्या जागी आहे, ओळखीच्या माणसांत आहे, आणि कानाचे टोक कापलेले असल्याने ती शस्त्रक्रिया झालेली मांजर आहे हे लांबूनही कळते. मांजरे कमी झाली की पाखरांनाही जरा मोकळा श्वास मिळतो. चिमण्यांची कड घेऊन बोलणाऱ्यांनी हाही हिशेब धरावा.

ह्या कामात प्रत्येकाने सगळे करायचे नसते. मासळीवाल्या मावशींनी भाटी पकडून द्यायची, कारण ती आमच्या पिंजऱ्याला भुलत नाही, मावशींच्या बोंबलाला भुलते. रिक्षावाल्या दादांनी दवाखान्यात पोहोचवायची. गुरुजींच्या पडवीत ती शस्त्रक्रियेनंतरचे दिवस काढते.

सध्या आमच्यात एका गोष्टीवर वाद चालू आहे. चर्चच्या आवारात एक खोके ठेवावे, ज्याला पिल्ले नकोत त्याने रात्री त्यात ठेवून जावे, म्हणजे निदान ती गारठणार तरी नाहीत, अशी सूचना आली. गुरुजींनी आठवण दिली की, रोमच्या सांतो स्पिरितो रुग्णालयाच्या भिंतीत टाकलेल्या अर्भकांसाठी असेच एक फिरते कपाट होते, आणि ते पोप तिसरे इनोसंट ह्यांनी सुरू केले असे मानतात. कोणी विचारत नसे, कोणी दिसत नसे, मूल जगत असे. माणसाच्या मुलासाठी ते योग्यच होते, कारण तिथे आईची अब्रू आणि बाळाचा जीव पणाला लागलेला होता. मांजराची पिल्ले आणणाऱ्याची कसली अब्रू जाते? मावशी म्हणाल्या, ‘खोक्याला डोळे नसतात, म्हणून तर लोकांना ते बरं वाटतं.’ खोके तूर्त ठेवलेले नाही. पिल्ले दिवसाउजेडी आमच्यापैकी कोणाच्या तरी हातात द्यावी लागतात, आणि घेताना आम्ही एकच अट घालतो. पिल्लांची आई कुठे असते ते दाखवायचे आणि तिला पकडायला त्या संध्याकाळी आमच्याबरोबर यायचे.